मधला शब्द

कोकंद, २० सप्टेंबर २०११

झुमराद,

तुझं पत्र दुरुस्त करून परत पाठवलं त्याला तीन वर्षं झाली. मिळालं की नाही, एवढं कळवायचं सौजन्यही तू दाखवलं नाहीस. मिळालं असणारच. आपलं पोस्ट भोंगळ असेल, इंग्रजांचं नाही.

हे पत्र मुद्दाम आपल्या भाषेत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं तर म्हणशील, आईने पुन्हा धडा पाठवला. लहानपणापासून आपण दोघी एकमेकींना इंग्रजीतच चिठ्ठ्या लिहायचो. घराचा नियमच होता तो. तो नियम आता मी मोडते. दरवर्षीसारखी सगळी शाळा, पोरं आणि शिक्षकही, सरकारी हुकुमाने कापूस वेचायला गेली आहे. गुडघ्यांमुळे मला यंदा सूट मिळाली, म्हणून वेळही आहे.

तू बाबांना दर शुक्रवारी फोन करतेस, तोही नानभट्टीत. घरी कधी नाही. ते पिठाच्या हातानेच फोन उचलतात आणि संध्याकाळी घरी येतात तेव्हा कानाला पीठ असतं. मी काही विचारत नाही. कान पांढरा दिसला की समजते, पोरगी बोलली. गेल्या आठवड्यात मात्र जेवताना त्यांनी स्वतःच विषय काढला.

"ती म्हणते, आईला काळीज काढून पाठवलं होतं, ते लाल शाईने रंगवून परत दिलं."

"काळीज नव्हतं, चार पानं होती," मी म्हणाले. "आणि त्यात चुका होत्या."

"पण पोरीला उत्तर काय दिलंस?"

"दुरुस्त केलं ना? तेच उत्तर."

त्यांनी नान मोडला आणि मोठा तुकडा माझ्यासमोर ठेवला. तुझे बाबा भांडत नाहीत हा त्यांचा सगळ्यात मोठा दुर्गुण आहे. माणूस भांडला की आपल्यालाही दोन शब्द बोलता येतात.

आता तुला सरळच सांगते. चार पानं तू लिहिलीस ग्रॅहमबद्दल. तो लीड्समध्ये बस चालवतो, त्याची पहिली बायको वारली, तो तुला रविवारी अंडी करून घालतो. आम्ही आशीर्वाद द्यावा. आणि नाही दिला तरी तू लग्न करणारच, कारण आता तू माझ्यावर अवलंबून नाहीस. हे शेवटचं वाक्य लिहिताना डिपेंडच्या पुढे तू फ्रॉम घातलास. फ्रॉम! रशियन शाळेतून आलेली पोरं ही चूक करतात, कारण रशियनमध्ये माणूस कुणा'पासून' अवलंबून असतो. ती सवय मोडायला मला एकेका पोरामागे वर्ष लागतं. आणि तू तर माझ्या घरातली. सातव्या वर्षी झोपेतून उठवलं असतं तरी तू बरोबर ऑन म्हणाली असतीस. ते वाक्य वाचलं आणि मला दुसरं काही दिसेना. लाल पेन हातात होतं, वह्या तपासतच होते. फ्रॉम खोडलं, वर ऑन लिहिलं. मग बाकीच्या पानांतलंही जे दिसलं ते केलं. गुण दिले नव्हते, एवढं तरी लक्षात घे.

आणि इंग्रजांच्या देशात जाऊन तू असा इंग्रज शोधलास की ज्याला स्वतःलाच डिफरंटच्या पुढे काय येतं ते ठाऊक नाही. तूच लिहिलं होतंस, हसत हसत. मला हसू आलं नाही.

तुझा नान खिळ्यावर आहे. जाताना तू दातांनी तोडलेल्या घासाची जागा अजून तशीच दिसते. बाबा दर वसंतात फडकं बदलतात, धूळ झटकतात आणि पुन्हा लावतात. परत येऊन उरलेला संपवायचा असतो, हे विसरली नसशील अशी आशा आहे.

आई

कोकंद, १२ नोव्हेंबर

झुमराद,

उत्तर नाही. ठीक आहे. मी काही तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही. बघ, ऑन.

कापूस संपला, शाळा भरली. दुपारी अंगणात शिकवण्याही सुरू झाल्या. यंदा मुली जास्त आहेत. पद्धत तीच, अक्रोडाची. मी शब्द उच्चारून अक्रोड फेकते, झेलायच्या आत त्याच्या पुढचा मधला शब्द, ऑन, फ्रॉम, फॉर, जो असेल तो, तोंडातून यायला हवा. नाही आला तर अक्रोड परत. तू चौथीत असताना तुझा फ्रॉक अक्रोडांनी भरून जायचा आणि बाकीची पोरं रडकुंडीला यायची, आठवतं? बाजारात नवीन इंग्रजी वर्ग निघाला आहे, काचेच्या दाराचा. तिथे पडद्यावर चित्रं दाखवतात. एका बाईने तिथलं पोर काढून माझ्याकडे आणलं. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, "ओपा, तिथे तो गाणी शिकला, पण बोलायला लागला की सगळे शब्द एकमेकांवर पडतात." मी म्हटलं, मधले शब्द लावले नाहीत तर पडणारच.

बाबा थोडे दिवस घरी आहेत. खोकला आहे, बाकी काही नाही. जन्मभर तंदुरात डोकं घातलं की छातीला धग लागायचीच. भट्टी त्यांचा पुतण्या बघतो. त्याचे नान चपटे होतात, पण लोक घेतात. फरगान्याला आम्ही दोनदा जाऊन आलो. एक लग्न होतं. मोठा दवाखाना तिथून जवळच, म्हणून जाता जाता छाती दाखवली. डॉक्टर तरुण आहे. त्याला फार बोलायची सवय. शुक्रवारी मोबाइलवर ते दमलेले वाटले तर समज, लग्नाची दगदग.

ते खिडकीशी उशा लावून बसतात आणि शिकवणी ऐकतात. परवा शोइरा नावाची पोरगी, हिचा भाऊ रशियात बांधकामावर आहे, म्हणाली, "आय वेट माय ब्रदर." मी अक्रोड परत घेतला. ही चूक आपली पोरं करणारच. आपल्या भाषेत माणूस कुणाची वाट पाहतो तेव्हा मध्ये वेगळं काही उभं करत नाही, जे काय असतं ते त्याच्या नावाच्या शेपटीलाच चिकटलेलं. इंग्रजांनी ते सुटं काढून मध्ये उभं केलं आहे. वेटच्या पुढे फॉर लागतं, मगच माणूस येतो. शोइराकडून ते वीस वेळा म्हणून घेतलं.

पोरं गेल्यावर खिडकीतून आवाज आला, "झुमराद!"

मी म्हटलं, "काय?" पस्तीस वर्षं झाली लग्नाला, पण माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. मोहल्ल्यातला कुठला पुरुष घेतो बायकोचं नाव? थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. तू झालीस त्या दिवसापासून मी झुमराद झाले.

"तो मधला शब्द कशाला लागतो गं?"

"कुठला?"

"आत्ता त्या पोरीला म्हणायला लावलास तो. भावाची वाट पाहतेय तर पाहतेय. मध्ये कोण कशाला हवंय?"

"इंग्रजांना लागतं."

"इंग्रज फार वाट पाहत नसतील," ते म्हणाले आणि हसले. हसताना खोकला आला, मग मी खिडकी लावून घेतली.

आई

कोकंद, ८ जानेवारी २०१२

झुमराद,

इथे थंडी फार आहे. गॅसचा दाब कमी, म्हणून आम्ही दोघं एकाच खोलीत राहतो. बाबांचा बिछाना चुलीजवळ हलवला आहे. तिथून त्यांना खिळ्यावरचा नान समोर दिसतो. तो दिसावा म्हणून हलवलेला नाही, ऊब मिळावी म्हणून.

तुझ्या बाबांनी एक उद्योग केला. शोइराकडून पेन्सिल मागून घेतली आणि पिठाच्या पोत्याचा कागद फाडून तुला इंग्रजीत काहीतरी लिहिलं. होय, तुझ्या बाबांनी. अक्षरं त्यांना पोत्यांवरची येतात, सगळी मोठी. शब्द खिडकीतून ऐकलेले. संध्याकाळी मला कागद दिला आणि म्हणाले, "हे तुझ्या पत्रात घाल."

मी वाचलं. चूक होती. एक मधला शब्द गाळला होता.

"हे असं जाणार नाही," मी म्हणाले. "इथे एक शब्द घाला आणि स्वच्छ कागदावर पुन्हा लिहा. वहीतला कागद देते."

"त्याच्याशिवाय तिला कळणार नाही का?"

"कळेल."

"मग?"

"मग काय मग? माझ्या घरातून चुकीचं इंग्रजी लीड्सला जाणार नाही. त्या तुमच्या जावयाने वाचलं तर काय म्हणेल?"

"तो बस चालवतो, झुमराद. तो काही म्हणणार नाही."

कागद परत दिला आहे. काय लिहिलं आहे ते मी सांगत नाही, ज्याचं त्याने सांगावं. शब्द लहान आहे, तीन अक्षरांचा. मनात आणलं तर पाच मिनिटांचं काम. पुन्हा लिहून देतील तेव्हा पुढच्या पत्रात घालीन.

तुझ्याकडून नवीन वर्षाचं कार्ड आलं, बाबांच्या नावाने. त्यावर मेंढीचं चित्र होतं. माझ्या नावाचा उल्लेख कुठे होता का ते मागेपुढे करून पाहिलं.

आई

कोकंद, १७ फेब्रुवारी

झुमराद,

बाबांचा मोबाइल बिघडला आहे. पुतण्याकडे दिला आहे, तो दुरुस्त करून आणेल. म्हणून गेल्या दोन शुक्रवारी बाबा बोलले नाहीत, दुसरं काही कारण नाही. उगाच भट्टीत फोन लावून पोराला भंडावू नकोस, त्याला नानाकडे बघायचं असतं.

बाबांनी अजून पुन्हा लिहिलेलं नाही. वहीतला कागद उशाशी आहे, पेन्सिलही. थंडीने हात थरथरतो. मी म्हटलं, मी हात धरते, तुम्ही गिरवा. त्यांनी मान हलवली. "तुझं अक्षर ती ओळखेल," म्हणाले. म्हणजे काय? माझं अक्षर ओळखलं तर कागद फेकून देशील की काय?

पोत्याच्या कागदावरचं मीच एका रेघेत नीट करू शकले असते, लाल शाई न वापरता. पण मग ते माझं झालं असतं, त्यांचं नाही. विद्यार्थ्याने स्वतः दुरुस्त केलं तरच लक्षात राहतं.

शेजारच्या हकीमा-खोलाचा तुला फोन आला तर फार मनावर घेऊ नकोस. तिला कुणाच्याही अंगणात डोकवायची सवय आहे आणि तिच्याकडे बोलायला दुसरा विषय नसतो. परवा माझ्या चुलीशी बसून रडली. मी तिला म्हटलं, रडायचं असेल तर स्वतःच्या घरी रड, आमच्याकडे काही झालेलं नाही.

परदेशातल्या माणसाला आपल्याकडे वाईट बातमी देत नाहीत. चांगलीच देतात. त्यामुळे तुला सांगते, द्राक्षाची छाटणी झाली, जर्दाळूला कळ्या आहेत, आणि शोइरा आता चुकत नाही.

आई

कोकंद, ९ मार्च

झुमराद,

इथे सगळं ठीक आहे. ऊन पडायला लागलं. द्राक्षाच्या मांडवाखालची बाज बाहेर काढली. बाबा बाजेवर बसून ऊन घेतात. तुझी आठवण काढतात.

तीन दिवस घरात चूल पेटवली नाही. मला जरा थकवा आहे, शेजारणी आळीपाळीने जेवण आणून देतात. अंगणात माणसांची वर्दळ आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही. शिकवण्या काही दिवस बंद.

बाबांचा कागद याही पत्रात नाही.

आई

कोकंद, २६ एप्रिल

झुमराद,

पोचलीस, एवढं तरी हकीमा-खोलाला कळवलंस. ती सांगायला आली. ऐकून घेतलं.

आता ही पत्रं वाचतेस हे मला माहीत आहे, कारण तू आलीस तेव्हा माझी सगळी पत्रं तुझ्या पिशवीत होती. म्हणजे मिळत होती आणि वाचतही होतीस. तर हेही वाच.

चाळिसाव्याला आलीस, हकीमानेच कळवलं असणार. खांद्याला अडकवायची एक पिशवी घेऊन. पिशवी पाहिली तेव्हाच कळलं किती दिवस राहणार ते. अंगण सुतकाचे निळे कपडे घातलेल्या बायकांनी भरलं होतं. सगळ्या उठल्या आणि तुला पोटाशी धरून रडल्या. तू प्रत्येकीच्या गळ्यात पडलीस, त्या हकीमाच्याही. माझ्यापर्यंत आलीस आणि माझा हात हातात घेतलास, डॉक्टर घेतो तसा.

बायका गेल्या. भांडी आवरून होईपर्यंत तू थांबलीस. मग बाजेवर बसलीस आणि एकच पत्र पिशवीतून काढलंस.

"हे कधी लिहिलंत, आई?"

"वर तारीख आहे."

"नऊ मार्च. बाबा कधी गेले?"

"सहाला."

"बाबा बाजेवर बसून ऊन घेतात, असं लिहिलंय."

"परदेशातल्या माणसाला वाईट बातमी देत नाहीत. तुझी आजी गेली तेव्हा तुझा काका सैन्यात होता, त्याला कुणी कळवलं होतं? सुटून घरी आला तेव्हा थडग्यावर नेलं. कुणी काही म्हटलं नाही. तोही नाही."

"काकाला सुट्टी मिळत नव्हती. मला तिकीट काढता येत होतं, आई."

हेच वाक्य हकीमा फेब्रुवारीत माझ्या चुलीशी बसून बोलली होती. "ओपा, पोरीला विमान आहे, पैसा आहे. तिचे बाबा, तुर्गुनबोय-अका, रोज दाराकडे बघतात, मला बघवत नाही. तुम्हाला कसं बघवतं?" मी तिला हाकलून दिलं होतं. तुला कुठे हाकलणार, तू तर बाहेरचीच.

मग तू कागद मागितलास. मी दिला. कपाटात नव्हता, उशीखालीही नव्हता. माझ्या झग्याच्या खिशात होता. पोत्याचा तो तपकिरी कागद आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: आय वेट यू झुमराद. तू उभ्या उभ्या वाचलंस. किती वेळ वाचत होतीस, चारच तर शब्द.

"हे जानेवारीत लिहिलं?"

"हो."

"तुम्ही मला लिहिलंत की चूक आहे म्हणून परत दिलं."

"चूक आहेच," मी म्हणाले.

तू मारशील असं मला वाटलं. मारलं असतंस तर बरं झालं असतं. कागदाची घडी करून पासपोर्टात ठेवलीस आणि आत निघून गेलीस.

तुझ्यासमोर जे बोलले नाही ते आता लिहिते. तुला वाटतं मी एका फॉरसाठी बाबांना अडवलं. वाटू दे, शाळेतही सगळ्यांना तसंच वाटेल, म्हणतील, आमच्या इनोबत-ओपा अशाच. पण मला पक्कं माहीत होतं, तो कागद हातात पडला असता तर तू पहिल्या विमानाने आली असतीस. पिठाच्या पोत्यावरच्या चार शब्दांसाठी. आणि मी सप्टेंबरपासून पानंच्या पानं लिहीत होते, एक मात्रा चुकवली नाही, त्याचं तुला काय? एक ओळ? जन्मभर तुला मी शिकवलं. अक्रोड फेकून फेकून माझा खांदा कायमचा दुखावला. तू परदेशी गेलीस ती माझ्या इंग्रजीवर, तुझ्या बाबांच्या नानावर नाही. आणि फोन कुणाला? भट्टीत. मला वाटत होतं, आधी मला उत्तर येऊ दे, मग कागद पाठवीन. वाटायचं, अजून वेळ आहे. फरगान्याच्या डॉक्टरने उन्हाळ्यापर्यंतचं सांगितलं होतं. तो तरुण होता, त्याला काय कळतंय.

एक गोष्ट राहिली. ती तुझ्या हक्काची आहे, म्हणून लिहिते, द्यायची इच्छा नाही.

दुपारची नमाज झाली होती. मी वह्या तपासत होते, त्यांच्या पायाशी बसून. त्यांनी हाक मारली, "झुमराद." मी म्हटलं, "काय हवंय?" पुन्हा म्हणाले, "झुमराद." मी वही ठेवली, उशी सरळ केली, "इथेच आहे मी" म्हटलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मान फिरवली. दाराकडे. मग तिसऱ्यांदा हाक मारली, दाराकडे बघतच. तेव्हा मी ओ दिली नाही. कुणीच दिली नाही. तू झाल्यापासून त्या नावाला मी ओ देत आले होते, झुमराद, आणि त्या दिवशी मला कळलं की हाक माझी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर तू स्वयंपाकघरात होतीस. स्टुलावर चढून खिळ्यावरचा नान काढलेला होता. फडकं सोडलंस, तुझ्या घासाच्या जागेवरून बोट फिरवलंस, मग बत्त्याने त्याचे तुकडे केलेस. दगडासारखा झाला होता. मोठ्या वाडग्यात चहा ओतून तुकडे भिजवलेस आणि खायला बसलीस. मी दारात उभी होते. तू चमच्याने खात होतीस, हळूहळू, एकही तुकडा ठेवला नाहीस, तळाचा चुरासुद्धा बोटाने पुसून खाल्लास. मी काय समजले सांगू? मला वाटलं, पोरगी परत आली. परत आलेलंच माणूस आपला नान संपवतं. मी तुला दुसरा चहा ओतला, आठवतं? साखर घातली, तुला चालत नाही हे विसरून. तू तोही प्यायलीस.

दुपारी म्हणालीस, "संध्याकाळची गाडी आहे ताश्कंदला."

मी भट्टीत गेले. पुतण्याला बाहेर काढलं, तंदूर मी पेटवला. पीठ माझ्या हाताने मळलं. तुझ्या बाबांचा नक्षीचा ठसा भिंतीवर होता, तो घेतला. तंदुरात नान लावायचा म्हणजे कमरेपर्यंत आत वाकावं लागतं. मी कधी वाकले नव्हते. भुवया जळल्या. पहिले दोन निखाऱ्यांत पडले. तिसरा निघाला, एका बाजूने करपलेला. तो घेऊन मी फाटकाशी आले तेव्हा गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

मी नान पुढे केला. दोन्ही हातांनी, धरतात तसा.

तू माझ्या भुवयांकडे पाहिलंस. नान घेतलास, ओठांना लावलास, डोळ्यांना लावलास. आणि परत माझ्या हातात दिलास. अख्खा.

"राहू दे आता, आई," म्हणालीस.

आवाजात राग नव्हता. चुका काढायच्या म्हटलं तर काढायला काही नव्हतं. गाडी गल्लीतून वळली, तेवढ्यात हकीमा तिच्या फाटकात आली. तिच्यासमोर मी हात वर केला, जणू तूही काचेतून केला होतास.

नान टाकून देता येत नाही. भिकाऱ्याला द्यायचा तर करपलेला देऊ नये. मी तो स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि समोर बसले. खिळा रिकामा होता. त्या खिळ्याला कधी रिकामं पाहिलं नव्हतं, तू गेल्यापासून. शेवटी मीच एक घास तोडला. करपलेली बाजू सोडून, जिथे तू तोडला असतास तिथे. मी कुठे जाणार आहे? बाजारापलीकडे मी जात नाही. घास गिळायला वेळ लागला, आत कच्चाच होता. मग जुन्याच फडक्यात गुंडाळला आणि खिळ्याला लावला.

काल हकीमा-खोला आली. बसायच्या आत तिची नजर वर गेली. माझ्या पुढच्या सोन्याच्या दातांची खूण त्या घासावर दिसते, पण तिची नजर आता अधू आहे.

"अगंबाई," म्हणाली, "म्हणजे पोरगी येणार परत!"

"येणार तर," मी म्हणाले. "तो बघ की, तिचाच घास आहे."

आई